उष्टं नसलेलं घर

कोणत्याही वस्तूचे संपत्तीत रूपांतर करावयाचे असेल, तर ती वस्तू आधी वाया जाणे आवश्यक असते. हे तत्त्व वाळवंटातल्या अल-सिद्रा गावच्या नगरपालिकेला उमगले आणि ‘अन्नशेष संपत्ती केंद्र’ स्थापन झाले. मेजवान्यांतल्या उरलेल्या भाताचे व मटणाचे येथे काळेभोर खत होई. (उद्घाटनाच्या जेवणातच साडेसातशे किलो अन्न उरले. केंद्राला कच्च्या मालाची चिंता राहिली नाही.)

अल-सिद्रात पाहुण्याने ताट चाटूनपुसून खाल्ले, तर यजमानाची मान खाली जाते. उरवण्याची रीत होतीच. केंद्राने तिला वजनकाटा दिला. वर्षाला पाचशे किलोंवर उष्टे देणाऱ्या घराच्या दारावर हिरवी पाटी लागे आणि तीवर आकडा कोरलेला असे. सोयरीक जुळवणाऱ्या बायका मुलगा नंतर पाहत, पाटी आधी.

खतवाटपाचा नियम मुसब्बहने लिहिला होता. हा केंद्रातला तरुण नोंदणी अधिकारी. स्वभावाने असा, की स्वतःच्या सावलीलाही वाट करून देई. नियम मात्र निःसंकोच होता: जितके उष्टे, त्या प्रमाणात खत. न्याय यापेक्षा सोपा करता येत नाही.

या न्यायात एकच घर बसेना. ज्या हमामा आत्याने त्याला लहानाचे मोठे केले, तिचे उष्टे सलग तीन वर्षे शून्य भरले. चौकशी झाली. शिळी रोटी ती रश्श्यात कुस्करी, खजुराच्या बिया भाजून कॉफीसारख्या उकळी, आणि उरलेसुरले दोन शेळ्यांना घाली. अहवालात नोंद झाली: ‘नोंदणी नसलेल्या दोन प्रक्रियायंत्रांकडून सार्वजनिक कच्च्या मालाचा अपहार.’ शेळ्या गावाबाहेर हलवण्यात आल्या. त्यांच्याबरोबर लेंड्याही गेल्या, आणि अंगणातले खजुराचे झाड उपाशी पडले.

ते झाड आत्याच्या नवऱ्याने लग्नाच्या आठवड्यात लावले होते. त्याच्या हातचे एवढेच काय ते अजून उभे होते. त्याच्या झावळ्या पिवळ्या पडताना मुसब्बह रोज पाही आणि रोज मान खाली घालून कचेरीत जाई.

“आत्या, खतासाठी अर्ज कर,” तो एकदाचा म्हणाला.

“करते की. काय लिहायचं त्यात?”

“अन्न किती टाकलं ते.”

“कोणी टाकलं?”

“तू.”

“डोकं ठिकाणावर आहे ना रे तुझं?”

शेजारीण उम्म रशूद कुंपणावरून म्हणाली, “अगं, एक मेजवानी घाल म्हणजे झालं! आमची पाटी बघ, नऊशे चाळीस. आमच्याकडे कुणी उपाशी उठत नाही आणि कुणी पुरतं जेवतही नाही.”

आत्याने झाडाकडे पाहिले आणि मोठे पातेले काढले.

मेजवानी नियमानुसार पार पडली. साठ माणसांचे अन्न, अकरा पाहुणे. उम्म रशूदच्या सासऱ्याचा हात आवरेना, तेव्हा त्याला कोपराने ढोसण्यात आले. उष्टे बासष्ट किलो भरले. पिशव्या भरताना आत्याने तोंड भिंतीकडे वळवले होते.

“शेळ्या असत्या,” ती म्हणाली, “तर एवढ्या माणसांना बोलवावं लागलं नसतं.”

आठवड्याने खताची तीन पोती आली. आत्याने चिमूटभर जिभेवर ठेवले.

“खारट आहे. मेजवानीचं मीठ सगळं यात उतरलंय. आपल्या विहिरीचं पाणी आधीच मचूळ.”

“प्रयोगशाळेचा दाखला आहे, आत्या.”

“मग दाखल्यालाच लागू देत खजूर.”

“खाली माझी सही आहे.”

आत्याने त्याच्याकडे क्षणभर पाहिले. “तुझी आहे? मग घाल.”

पुढच्या उन्हाळ्यापूर्वी झाड वाळले. ते तोडले, तेव्हा खोड, झावळ्या मिळून चारशे अठ्ठेचाळीस किलो भरले. (अन्न देणारे झाड हेही अन्नच, असे कलम सातमध्ये स्पष्ट आहे. तेही मुसब्बहच्याच अक्षरात.) बासष्ट मिळवून आत्याचे उष्टे पाचशे दहा झाले.

हिरवी पाटी ठोकायला मुसब्बह स्वतः गेला. अंगणात प्रथमच इतके ऊन होते, की त्याला डोळे उघडे ठेवता येईनात. निदान कारण त्याने तेच सांगितले.

आत्या उंबऱ्यात उभी होती. “वाकडी लागलीय. डावीकडून वर घे.”

त्याने घेतली.

इथवर वाचून आत्याबद्दल ज्यांना हळहळ वाटली, त्यांनी ती पुरती वाटून घ्यावी आणि मग फ्रिज उघडावा. मागच्या फळीवर, झाकण घट्ट लावलेल्या डब्यात, परवाची भाजी आहे. ती कोणी खाणार नाही, हे आपल्याला परवाच ठाऊक होते. टाकताना मनाला लागू नये, इतकी ती नासण्याची आपण वाट पाहत आहोत. (पाटीसाठीचे अर्ज केंद्रात कामाच्या वेळेत मिळतात.)