दुसऱ्या अंकातलं मरण

एर्मेतेला मरायची फार घाई! देल्फिनाची आपल्या पोराबद्दल ही एकच तक्रार होती, आणि ती सगळ्या गावाला ऐकवून झाली होती.

"सुरा लागायच्या आधीच हा गुडघे टेकतो!" ती नणंदेला, झोबेइदेला म्हणाली. "अगं, त्या अख्ख्या ऑपेरात ऐकण्यासारखं एवढं एकच तर मरण आहे!"

ते मात्र खरं होतं. ऑपेरा चांगला पाच अंकी. दुसऱ्या अंकात मुलीचा प्रियकर झटापटीत तिच्या बापाच्या, म्हाताऱ्या सरदाराच्या पोटात सुरा खुपसतो, आणि सरदार मरता मरता त्याला माफ करतो. ते गाणं असं, की खाटकाने रुमाल काढावा! पुढचे तीन अंक म्हणजे पाणी घालून वाढवलेलं सार. प्रियकर घरात रडतो, वादळात रडतो, शेवटी एका दाढीवाल्या साधूच्या गळ्यात पडून रडतो.

सरदार झाला होता एर्मेते. एरवी तो वखारीत डुकराच्या मांड्यांना मीठ चोळायचा. हात खारट, पण गळा मधाचा! त्या रविवारी पार्माच्या एका मोठ्या थिएटरातले साहेब त्याला ऐकायला येणार होते. पसंत पडला तर मिठातून कायमची सुटका. पण साहेबांना आगगाडी गाठायची होती; दुसरा अंक झाला की ते उठणार.

"एका गाण्यात त्यांना काय कळणार, आई?"

"एका कशाला? तू नुसता मर, बाकीचं माझ्यावर सोड. वन्समोअर कसा काढायचा ते मला शिकवू नकोस. जन्म गॅलरीत गेलाय माझा!"

त्या गावात गॅलरीने हट्ट धरला की मेलेला माणूस उठायचा, कपडे झटकायचा आणि पुन्हा मरायचा. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

रविवारी दुपारी देल्फिनाने सगळं गोत गॅलरीत पेरलं. सुरा लागला, एर्मेते गायला, गेला. शेजारचा न्हावी हुंदके देऊ लागला. देल्फिना ताडकन उठली. "बिस! बिस! पुन्हा!" गोत गरजलं. एर्मेते उठला, दुसऱ्यांदा सुरा खाल्ला, आणि पहिल्याहून गोड मेला. साहेब खुर्चीत पुढे सरकले!

"बास आता," देल्फिनाने खूण केली. गोत बसलं. पण बाकीची गॅलरी कुठली बसतेय! तिला ते खरोखरच आवडलं होतं! "बिस! बिस!"

एर्मेते तिसऱ्यांदा मेला. चौथ्यांदा मरायला उठला तेव्हा त्याची मिशी घामाने एका बाजूने लोंबत होती, आणि मारेकरी प्रियकर झालेल्या ग्वाल्तिएरोचा रागाने टोमॅटो झाला होता.

"माझं गाणं चौथ्या अंकात आहे!" तो ओरडला. "दिवसभर तुलाच मारत बसू का? घे, तुझा तू मर!" सुरा आपटून तो आत निघून गेला.

वाद्यं वाजतच होती. एर्मेतेने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. शेवटी सुरा उचलून बिचाऱ्याने स्वतःच्याच पोटाकडे वळवला.

तीनदा लेकराला मरताना पाहून देल्फिनाच्या काळजाचं आधीच लोणी झालं होतं. "नको रे बाळा!" ती वरून किंचाळली. "नको मरूस! मी आहे ना इथे!"

एर्मेतेने वर पाहिलं आणि सुरा खाली ठेवला. माफीचं गाणं उभ्यानेच म्हटलं, ग्वाल्तिएरोला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि मुलीचा हात त्याच्या हातात देऊन टाकला!

टाळ्यांनी छप्पर हललं. अनोळखी बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. आता बापच मेला नाही तर प्रियकराने पुढे रडायचं कशासाठी? पडदा पाडावाच लागला. लोक खुशीत जेवायला घरी गेले. साधू तेवढा दाढी लावून आत बसून राहिला.

साहेब दारात भेटले. "आवाज सोन्यासारखा आहे," टोपी चढवत ते म्हणाले. "पण आम्ही पाच अंकांची तिकिटं विकतो हो! असा न मरणारा माणूस आम्हाला परवडायचा नाही." आणि ते गाडीसाठी धावत सुटले.

एर्मेते सुटलेली मिशी हातात धरून उभा होता. "आई, माझं चुकलं कुठे गं?"

देल्फिनाने शाल खांद्यावर ओढली आणि मान ताठ केली.

"गाण्यात काही चुकलं नाही. पण चाळिशी उलटली तरी भर रंगमंचावर आईचं ऐकतोस, मेल्या? चूक तुझीच!"