उनाडपुऱ्याचे नाना

धुळ्यात आमच्या वस्तीत कुणाचं घर शोधत आलात, तर कोपऱ्यावर बसलेले नाना आधी तुमच्याकडून वस्तीचं नाव वदवून घेत. "कथा जावानं शे?" कुठे जायचंय, याला नुसतं अमक्याकडे म्हटलेलं चालत नसे. "पहिले नाव ल्या. मोठ्यानं." पाहुणा ओशाळून "उनाडपुरा" म्हणाला, की ब्रश कानावर खोचून नाना त्याला थेट दारापर्यंत पोचवत.

नावात खोटं काही नव्हतं. बंद पडलेल्या नाटक कंपन्यांची माणसं इथे येऊन राहिलेली. दुपारी बाराला दात घासणारी वस्ती. क्लॅरिनेटवाला एकुलतं धोतर वाळेपर्यंत पंच्यावर रियाज करी. तबलजी मोमीन आणि गवई जोशीबुवा एका ताटात जेवत. तमाशा सोडून आलेली गंगूअक्का उंबऱ्यावर बिडी ओढत सगळ्यांना शिस्त लावी. मी मराठी शाळेतला मास्तर. भाडं परवडलं म्हणून आलो आणि राहिलो.

नाना सोनगीरचे, नाटकाचे पडदे रंगवणारे. कंपनी धुळ्यात मोडली तेव्हा ते तापानं पडले होते. बाकीचे चाळीसगावच्या गाडीनं गेले, नाना मागे राहिले आणि दुकानांच्या पाट्या रंगवू लागले. हात मात्र पडद्यांचाच. पिठाच्या गिरणीच्या पाटीवरही राजवाड्याच्या कमानी आणि वर चंद्र. गिरणीवाला कुरकुरला तर म्हणाले, "दळण होईपर्यंत लोकांनी पाहायचं काय?"

माझ्या कमलला पाहायला दोंडाईच्याहून मंडळी आली. पत्ता मी 'शाळेच्या मागे' एवढाच कळवला होता. मुलाच्या वडिलांनी नानांना तोच सांगितला.

"शाळाना मांगे नदी शे," नाना म्हणाले. "बुडशात. नाव ल्या."

त्यांनी नाव घेतलं आणि ते कशावरून पडलं, असंही विचारलं. गंगूअक्कानं हौसेनं सगळं सांगितलं. मंडळी पोह्यांना हात न लावता परतली. मागाहून निरोप आला, मुलगी पसंत आहे, आधी पत्ता सुधारा.

मी सुधारला. घरोघर फिरून सह्या घेतल्या, म्युनिसिपालिटीत खेटे घातले. तिथल्या लोकांनाही हे नाव खुपतच होतं. 'सज्जनपेठ' मंजूर झालं, आणि पाटी रंगवायचं काम अर्थातच नानांकडे आलं.

मधल्या सुट्टीत नाना शाळेत आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. थोडं थांबता येईल का, म्हणाले. का, ते त्यांनी भिंतीकडे पाहत सांगितलं. कंपनीबरोबर पळून आले तेव्हा गावी बायकोला टाकून आले होते. बरे झाल्यावर सोनगीरला गेले, तर ती सातपुड्याच्या बाजूला मजुरीला गेलेली. कुठे, ते कुणाला ठाऊक नाही. मग त्या वाटेच्या गाडीवानांना, बाजारकरूंना त्यांनी एकच निरोप देऊन ठेवला. भेटली तर सांगा, धुळ्याला उनाडपुऱ्यात ये.

माझ्याशी ते नेहमी शहरी बोलत. त्या दिवशी बोली सुटली. "तिले वाचता येस नही, गुरुजी. नाव इचारत इचारत येई ती. म्हणीसन लोकेसना तोंडमा ठेवस."

मला सगळं कळलं. मी म्हणालो, "कमलचं लग्न होऊ द्या नाना, मग पाहू."

त्यांनी मान हलवली. पाटी वेळेवर दिली. साधी काळी अक्षरं, कमान नाही, चंद्र नाही.

लग्न झालं. मग पाहू म्हटलेलं मी पाहिलं नाही. उलट जुनं नाव काढायचं नाही, असं आम्हीच टांगेवाल्यांना दरडावून सांगितलं. पोरासोरांच्या तोंडातून ते गेलंसुद्धा.

नानांनी आमचा कोपरा सोडला आणि सोनगीरच्या रस्त्यावर नाक्यापाशी बसू लागले. गाडीतून कुणी बाई उतरली, की उठून जवळ जात, कुणाकडे जायचंय विचारत, आणि परत येऊन बसत. वस्ती त्यांना आळीपाळीनं डबा पोचवी.

कमल दिवाळीला माहेरी आली तेव्हा डबा तिनं नेला. परतल्यावर म्हणाली, "बाबा, नाना तिथं कुणाची वाट पाहतात? मी विचारलं, तर म्हणाले, गुरुजींना ठाऊक आहे."

मी म्हणालो, "म्हातारा माणूस आहे. तिथं वारा बरा लागतो त्यांना."

तिला ते पटलं. पुढच्या खेपेला तिनं त्यांच्यासाठी दोंडाईच्याहून कानटोपी आणली.