उशिराचा फंड

बंधुमंडळाची तिजोरी रिकामी झाली ती खजिनदारांच्या चांगुलपणामुळे. सभासदांना आजारपणात मदत करायची, एवढ्यासाठीच हे मंडळ होतं. वर्गणी वडिलांच्या काळातली, हॉलच्या भाड्यातच संपणारी. मदतीचा फंड उभा राहायचा तो सभेला उशिरा येणाऱ्यांच्या दंडातून. पण खजिनदार पडले घड्याळजी. त्यांना उशीर बघवेना. सभेच्या दिवशी ते एकेकाला फोन करून उठवू लागले. दोन वर्षांत मंडळ शिस्तीत आलं आणि फंडाने तळ गाठला.

नेमका तेव्हाच मंडळातला रंगारी शिडीवरून पडला. पाय मोडला. मंडळाने आजवर कुणालाच रिकाम्या हाताने पाठवलं नव्हतं. हा मान आपल्याच कारकिर्दीत जाणार, या विचाराने खजिनदारांची झोप उडाली.

"वर्गणी थोडी वाढवू या का?" ते चाचरत म्हणाले.

"म्हणजे आमचे बाप कमी देत होते?" शिंपी उसळला. ठराव पडला.

मग त्यांनी फोन बंद केले. पण एव्हाना सवय लागली होती. मंडळी सभेच्या आधीच हजर! शेवटी एकेकाला गाठून त्यांनी हात जोडले, "पुढच्या सभेला जरा उशिरा या की हो. रंगाऱ्यासाठी."

मंडळी मनाने मोठी. झाडून सगळे उशिरा आले, दंडाच्या नोटा हातात घेऊनच. आत अध्यक्ष, म्हणजे निवृत्त वकील, कागद आवरत होते.

"माणसं पुरेशी नव्हती म्हणून सभा रद्द झाली," ते म्हणाले. "आता सभाच नाही, तर उशीर कसला आणि दंड कसला?"

खजिनदारांनी उघडलेलं पावतीपुस्तक मिटलं.

"खड्ड्यात गेला दंड!" म्हणत शिंप्याने आपली नोट रंगाऱ्याच्या खिशात कोंबली. रंगारी कुबड्या घेऊन अगदी वेळेवर आला होता. त्याला उशिरा यायला सांगायचं राहूनच गेलं होतं. बघता बघता त्याचा खिसा फुगला. खजिनदारांच्या जिवात जीव आला. ते त्याला दारापर्यंत सोडायला गेले.

"काका," रंगारी संकोचून म्हणाला, "माझी तर वर्गणीच थकलीय. थकबाकीदाराला मदत नाही, असा नियम आहे ना? म्हणून मी मागितलीसुद्धा नव्हती."

खजिनदारांनी चमकून मागे पाहिलं. अध्यक्ष चष्मा पुसत इकडेच येत होते.

"हळू बोल! आणि पळ आधी."

"पळू?" रंगाऱ्याने प्लास्टरकडे पाहिलं.

"लंगडत जा रे, पण लवकर जा!"