चौदा मीटर मोरपंखी

कपड्यांच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये! शहाद्यात आमचं कापडाचं दुकान आहे. गल्ल्यावर माझे पप्पा, म्हणजे चंपालालजी, बसत असले तरी गिऱ्हाइकाला नजरेनं मापायचं काम माझं. माणूस पायरी चढत असतानाच मी त्याच्या चुका टिपून घेतो. पट्टा काळा आणि बूट तपकिरी! चौकड्याच्या शर्टाखाली रेघांची पँट! पांढऱ्या शर्टाच्या आत रंगीत बनियन, आणि त्यावरचं कंपनीचं नाव बाहेरून वाचता येतंय! काही महाभाग तर नव्या कोटाच्या बाहीवरचं लेबल तसंच ठेवून लग्नांतून फिरतात. अशांना मी हाताला धरून आरशापुढे उभं करतो. सल्ला फुकट. कापड मात्र घ्यावं लागतं.

"अंगावर एकच वस्तू बोलकी असावी," मी त्यांना सांगतो, "बाकीच्यांनी गप्प बसावं."

एवढं ज्ञान असूनही एकतिसाव्या वर्षापर्यंत मला लग्नासाठी पाच नकार आले होते. आणि पाचही घरांचं कारण एकच. "मुलगा चांगला आहे, पण फार नटतो." सांगा आता! नीटनेटकं राहणं आणि नटणं यातला फरक ज्यांना कळत नाही त्यांच्याकडे आपण तरी कशाला जायचं, असं मी वरवर म्हणायचो. आतून मात्र पार खचलो होतो.

अशात दोंडाईच्याचं स्थळ आलं. मुलीचं नाव रिद्धी. फोनवर आम्ही एकदा चाळीस मिनिटं बोललो, त्यातली निम्मी मिनिटं ती हसत होती. मला ती आवडली. म्हणजे अगदी मनापासून आवडली! पण त्या घरात शेवटचा शब्द तिच्या आजीचा, सायरबाईंचा. आणि त्यांनी निरोप पाठवला होता, "साधा मुलगा हवा. नटवा नको."

आता आमच्या व्यापारी लोकांची एक रीत आहे. मुलगा-मुलगी उघड दाखवायचा कार्यक्रम केला आणि मोडला, तर आठ दिवस बाजारपेठेत तीच चर्चा. म्हणून 'सहज भेट' ठरवतात. म्हणजे दोन्ही घरं आधी फोनवर दिवस, वेळ, जागा पक्की करतात आणि मग तिथे योगायोगानं जाऊन पोहोचतात! जमलं तर देवाची कृपा. नाही जमलं तर भेट झालीच नव्हती. आमची सहज भेट ठरली सारंगखेड्याच्या यात्रेत, घोडेबाजारात, सकाळी अकरा वाजता.

मी कामाला लागलो. कपडे रोजचेच हवेत, पण रोजचे वाटले तरी उठून दिसायला हवेत. क्रीम शर्ट, तपकिरी पँट, तपकिरी पट्टा, तपकिरी बूट. सगळे गप्प. आणि बोलकी वस्तू म्हणून बिनबाह्यांचं जॅकेट. त्यासाठी मी दुकानातला एक तागा उपसला. मोरपंखी रंग, त्यावर सोनेरी बुट्टी, चौदा मीटर. तीन वर्षं त्याला कोणी हात लावला नव्हता.

"हे घेतो?" पप्पांचा चेहरा असा खुलला, जणू माझं लग्न तिथेच लागलं. "घे, घे! मी प्रेमचंदजींना कळवतो, मोरपंखी जॅकेट म्हणून. ओळखायला सोपं."

प्रेमचंदजी म्हणजे रिद्धीचे वडील. पप्पांनी लगेच मेसेज टाकला. मग माझ्यापुरतं दीड मीटर कापलं, आणखी दीड मीटर "घरात लागतं कधीतरी" म्हणून कपाटात ठेवलं, आणि उरलेलं सगळं आमचे नेहमीचे शिंपी अनीसभाई घेऊन गेले. ते कशाला घेऊन गेले हे मी विचारलं नाही. इथे माझी पहिली चूक झाली.

दुसरी झाली माप देताना. अनीसभाई टेप गळ्यात टाकून म्हणाले, "रिषभशेठ, एक बात सांगू? त्या मेळामा हाई कापड तुम्ही नका घालू."

"अनीसभाई, रंगसंगती माझ्यावर सोडा!"

"रंगनं नही म्हणी ऱ्हायनू मी. उरेल कापडनं मन्हाकडे एक मोठं काम..."

"खांदा अर्धा इंच आत घ्या. खांदा बसला की माणूस बसला!"

अनीसभाईंनी पेन्सिल कानावर ठेवली. "खांदानी गोष्ट एकदम भारी सांगी तुम्ही," एवढंच म्हणाले.

भेटीच्या दिवशी मी अकराला दहा कमी असताना घोडेबाजारात उतरलो. चालीत एक बेफिकिरी ठेवली होती, कारण मी सहज आलो होतो. धूळ, हिनहिनाट, भोंग्यावर घोड्यांच्या स्पर्धेच्या सूचना. आणि समोर, रिंगणाच्या कडेला, पाच घोड्या ओळीनं उभ्या. पाचही घोड्यांच्या पाठीवर मोरपंखी झूल! सोनेरी बुट्टीसकट!

मी डोळे चोळले. मग घोड्यांजवळची माणसं दिसली. चौघांच्या अंगात मोरपंखी जॅकेटं. आणि खांदा? अर्धा इंच आत! अनीसभाईंनी माझा सल्ला सगळ्यांना लावला होता.

पाचव्या घोडीजवळ माणूस नव्हता. तेवढ्यात हातभर मिशांचा एक गृहस्थ माझ्यावर धावून आला. घोड्यांचा मालक डोंगरसिंग.

"कोठे व्हता रे तू? नऊ वाजता बलायेल व्हतं ना तुले!"

"मी? नाही हो, मी शहाद्याहून सहज..."

"सुरुपसिंगनी धाडेल शे ना तुले? मंग! मैनाले धर! आते आपला नंबर शे!" हा सुरुपसिंग कोण हे विचारायच्या आत त्यानं पाचव्या घोडीचा लगाम माझ्या हातात कोंबला.

"अहो, मी मुलगी बघायला आलोय!"

"मुलगी मंग दखजो! आधी घोडी धर!"

मी लगाम सोडला आणि शांतपणे उलटा चालू लागलो. मागून टापांचा आवाज. वळून पाहिलं तर मैना माझ्या मागे. मी उजवीकडे वळलो, ती उजवीकडे वळली. उसाच्या रसाच्या गाडीला मी चक्कर मारली, तिनंही मारली. मग मी पळालो!

"पयू नको!" डोंगरसिंग ओरडला. "ती रंग वयखस, माणूस वयखत नही! मोरपंखी जाई तथा ती जाई!"

म्हणजे घोडी माणूस नाही, रंग ओळखत होती! तुम्ही म्हणाल, जॅकेट काढून टाकायचं. अगदी बरोबर! पण एक तर त्या जॅकेटवरूनच मंडळी मला ओळखणार होती. आणि दुसरं, जे आजवर कोणाला सांगितलं नाही, ते तुम्हाला सांगतो. जॅकेट वरून येणारच म्हणून मी शर्टाला इस्त्री फक्त कॉलरला आणि बाह्यांना केली होती. पाठ आणि पोट जसं दोरीवरून काढलं तसं. ही चूक करू नका असं मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो.

मी हरलो, परत गेलो आणि ओळीत उभा राहिलो. मैनानं माझ्या खांद्यावर तोंड ठेवलं. तेवढ्यात पलीकडच्या टोकाला एक सफारीतले गृहस्थ पहिल्या जॅकेटवाल्याला नमस्कार करताना दिसले. प्रेमचंदजी!

"आपण चंपालालजींचे चिरंजीव?"

"नही दादा. मी सुकराम. मन्हा बापनं नाव दिवाल्या."

प्रेमचंदजींनी मोबाइल काढून मेसेज पुन्हा वाचला आणि दुसऱ्याकडे गेले. मग तिसऱ्याकडे. मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर सायरबाई बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी रिद्धी उभी होती, ओढणी तोंडावर दाबून. ती घाबरली होती की हसत होती, मला कळेना. चौथ्यानं मानेनंच नकार दिला आणि प्रेमचंदजी माझ्यापुढे आले. त्यांनी मला पाहिलं, घोडीला पाहिलं, पुन्हा मला पाहिलं.

"रिषभजी?"

"हो! मी इथे सहज आलो होतो!"

"आम्हीही सहजच," ते क्षीण आवाजात म्हणाले आणि मला आजींपुढे घेऊन गेले. मैना अर्थातच मागे. आणि मैना निघाली तशी, ती नेहमी सगळ्यांच्या पुढे चालणारी घोडी असल्यामुळे, उरलेली चौघं आपापल्या घोड्या घेऊन तिच्या मागे!

सायरबाईंनी चष्मा पुसला. "प्रेमचंद, छोरो तो कापडाचा धंदा करतो म्हणाला होतास ना?"

आता बोलून काही उपयोग नव्हता. मी संस्कार दाखवायचं ठरवलं. खाली वाकलो आणि आजींच्या पायाला हात लावला.

समोरचा माणूस वाकला की घोडीनं सलामी द्यायची, ही खूण आहे, हे मला कोणी सांगायला नको होतं का? मैनानं पुढचे दोन्ही पाय दुमडले आणि मान जमिनीला टेकवली. ते पाहून सुकरामला वाटलं, सलामी सुरू झाली. तो वाकला. बाकीचे तिघे वाकले. पाच घोड्या आणि पाच जॅकेटं सायरबाईंच्या चपलांपुढे आडवी! लोकांनी शिट्ट्या मारल्या. कोणी तरी शिंग फुंकलं!

"आते नही रे!" डोंगरसिंग रिंगणापलीकडे बोट दाखवत कपाळ बडवत होता. "परीक्षक तथा बठेल शेतस!"

मी तसाच वाकून राहिलो. वर बघायची हिंमत नव्हती. सहावा नकार कानांवर पडायची वाट पाहत होतो. खरं सांगतो, पाच नकारांचं मिळून वाटलं नव्हतं एवढं वाईट त्या एका क्षणी वाटलं.

डोक्यावर हात पडला. "प्रेमचंद," सायरबाई म्हणत होत्या, "लोक काहीही सांगतात. म्हणे नटवा आहे! अरे, कापडाच्या दुकानाचा मालक, आणि घोडीच्या झुलीतून उरलेल्या तुकड्याचं जॅकेट घालून आलाय! असा साधा मुलगा मी आजवर पाहिला नाही!"

त्यावर रिद्धीनं ओढणी काढली. ती हसतच होती. इतकी हसत होती की डोळ्यांतून पाणी येत होतं.

संध्याकाळी होकार आला. दोन अटी होत्या. रिद्धीची अट, लग्नातले कपडे ती निवडणार. आजींची अट, वरात मैनावरूनच. मी दोन्ही मान्य केल्या. घोडीशी आता ओळख झाली होती, आणि मोरपंखी जॅकेट मी जाळून टाकलं होतं. भीती कसली?

फेब्रुवारीत दोंडाईच्याला लग्न. रिद्धीनं निवडलेली बदामी शेरवानी, अंगावर एकही वस्तू बोलकी नाही. मैना शहाण्यासारखी चालत होती. बँड वाजत होता. कार्यालयाच्या दारापाशी आलो आणि गर्दीतून पप्पा पुढे आले. कपाटातल्या त्या दीड मीटरचं जॅकेट घालून! खांदा अर्धा इंच आत!

"पप्पा!" मी ओरडलो. "ते काढा!"

"का? चांगलं कापड वाया घालवायचं का?" एवढं म्हणून पप्पा जिलेबीची कढई बघायला मागच्या अंगणात निघाले.

नवरदेवही निघाला. तंबूच्या दोऱ्यांखालून, भांड्यांच्या ढिगाऱ्यामधून आणि आचाऱ्याच्या शिव्यांमधून मैना मला कढईपर्यंत घेऊन गेली. पप्पांनी जिलेबी चाखली, मान डोलावली आणि मंडपाकडे वळले. आम्हीही वळलो. तिथे रिद्धीशेजारी उभ्या सायरबाई दिसताच पप्पा अदबीनं त्यांच्या पाया पडायला वाकले.

मैनानं सलामी दिली. मी तिच्या मानेवरून घसरलो आणि हारासकट थेट रिद्धीच्या पायांपाशी जाऊन थांबलो. बँडही थांबला! फक्त फोटोवाला थांबला नाही.

रिद्धी हळूच खाली वाकली. मला वाटलं, विचारेल, लागलं का म्हणून.

"उठायच्या आधी," ती माझ्या कानात म्हणाली, "बाहीवरचं लेबल काढा."

फोटो मोठा करून आम्ही दुकानात लावला आहे. लेबल त्यात स्पष्ट वाचता येतं. गिऱ्हाईक आलं की आधी फोटो बघतं, मग मला बघतं, आणि मग विचारतं, "वहिनी आहेत का? कपड्यांचं जरा विचारायचं होतं."