खटकेमामांचा पिंजरा आणि एकोणिसावी स्पर्धक

खटकेमामांच्या कारखान्याच्या अंगणात त्या रविवारी सकाळी नऊ कुत्री, सहा मांजरं, दोन पोपट, एक कासव आणि एक शेळी हजर होती. एकूण एकोणीस. माणसं मोजायचा प्रयत्न मामांनी दोनदा केला आणि नाद सोडला, कारण ती प्राण्यांसारखी एका जागी थांबत नव्हती. मधोमध एक भलामोठा पिंजरा होता. पिंजऱ्याला दार होतं आणि दाराला मामांचा नवाकोरा दुहेरी खटका!

"याला दोन हात लागतात आणि एक डोकं!" मामा कर्ण्यावरून गरजले. "एका हातानं वरचं बटण दाबायचं, त्याच वेळी दुसऱ्यानं खालची पट्टी उचलायची. हे जमेल असा प्राणी जगात एकच आहे, आणि तो आत्ता तुमच्याशी बोलतोय!"

ही स्पर्धेची कल्पना लेकीची. "बाबा, खटका बघायला कोण येतंय? कुत्रं बघायला सगळं गाव येतं," असं ती म्हणाली होती, आणि तसंच झालं होतं. जो पाळीव प्राणी पाच मिनिटांत पिंजऱ्याबाहेर येईल, त्याच्या मालकाला लोखंडी कपाट बक्षीस.

मामांना मात्र गाव नको होतं, पुढच्या खुर्चीवर बसलेल्या एकट्या डॉक्टरीणबाई हव्या होत्या. त्यांचा प्राण्यांचा मोठा दवाखाना होता आणि तिथले पेशंट रोज हातावर तुरी देऊन पळायचे. खटका टिकला तर दवाखान्यातल्या झाडून सगळ्या पिंजऱ्यांना मामांचेच खटके बसणार होते. नाही टिकला, तर उद्या भंगारवाला येऊन मामांचा लेथ उचलून नेणार होता. ज्या लेथवर मामांनी पहिला बोल्ट कातला, तोच लेथ! मामी त्याला सवत म्हणायची, पण कालपासून तीही त्याला दोनदा पुसून आली होती.

स्पर्धा सुरू झाली. आतून बाहेरच्या खटक्याला तोंड लावता यावं म्हणून दारात एक फट ठेवली होती. पहिल्या कुत्र्यानं तिच्यातून लाळ गाळली. दुसऱ्यानं पहिल्याची लाळ चाटली. मांजरांनी खटक्याकडे असं बघितलं, जणू तो त्यांच्याकडे नोकरी मागायला आला होता. एक पोपट फटीच्या काठावर नुसता बसला, दुसऱ्यानं मालकाचं घरातलं बोलणं जसंच्या तसं म्हणून दाखवलं आणि मालकीणबाई त्याला घेऊन तडक घरी गेल्या. कासव आत झोपलं.

"त्याला वेळ द्या हो," कासवाचे मालक म्हणाले.

"किती?" मामांनी विचारलं.

"सावकारासारखे काय अंगावर येताय! थोडा द्या."

अठरा प्राणी हरले! मामांची छाती शर्टाच्या बटणांना धमकी देऊ लागली. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं, "मामा, साफसफाई करताना आमचा माणूसच आत अडकला तर?"

"माणूस? छे! माणूस चुटकीसरशी बाहेर. हे बघा!" आणि मामा वाकून पिंजऱ्यात शिरले. दार ओढलं. खट्!

काय गोड आवाज होता तो! मामांनी उजवा हात फटीतून बाहेर काढला. मग डावा काढायला गेले, आणि त्यांच्या लक्षात आलं की फट एका थोबाडाच्या मापाची आहे. दोन हात एका वेळी जाईनात. एकाच हाताच्या अंगठ्यानं बटण दाबावं तर बोटांतून पट्टी सुटे. स्प्रिंग भलतीच कडक होती. ती त्यांनीच घातली होती.

"बाबा, मी उघडू का बाहेरून?"

"खबरदार कुणी हात लावला तर! मी उघडणार!"

"अहो, लोक बघताहेत," मामी दातओठ खात म्हणाली.

"बघू देत! त्यासाठीच बोलावलंय!"

मामा घामाघूम झाले. लोकांनी फोन वर धरले. एवढ्यात गर्दीतून शिंपीणबाई पुढे आल्या, मागे त्यांची शेळी. "आमचा नंबर कधी यायचा? आम्ही एकोणीस नंबर."

"आत मामा आहेत, मावशी," लेक म्हणाली.

"त्यांचा कितवा?"

कुणी हसायच्या आतच शेळी सरळ पिंजऱ्याशी गेली. खटक्याला नुकतंच तेल घातलं होतं, ते तिनं हुंगलं. मग सगळा खटकाच तोंडात घेतला. वरची हिरडी बटणावर, खालचे दात पट्टीखाली. तिनं जबडा मिटला, अगदी सावकाश, शिंपीणबाई दोऱ्याला गाठ मारतात तसा.

दार उघडलं.

नऊच्या नऊ कुत्री भुंकायची थांबली. मामा चार पायांवर बाहेर आले, ते उठलेच नाहीत. तिथंच शेळीपुढं गुडघ्यांवर बसून राहिले.

"दोन हात..." ते पुटपुटले. "मी दोन हातांचाच विचार केला गं. एकच तोंड दोन्ही हातांचं काम करेल, हे सुचलंच नाही मला." मग त्यांनी कानात बोलावं तसं तिला विचारलं, "परत दाखवतेस?"

लेकीनं शेळीला आत घातलं, दार लावलं. फटीतून थोबाड, हिरडी, दात, खट्! शेळी बाहेर. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. लेथ गेला हे त्यांना कळत होतं, पण नजर काही तिच्या जबड्यावरून हलेना. "काय बनवलंय!" ते म्हणाले. "एकही स्क्रू नाही!"

डॉक्टरीणबाई उठल्या. मामांनी मान खाली घातली.

"मामा, माझ्याकडे कुत्री, मांजरं आणि पोपट येतात," त्या म्हणाल्या. "शेळ्यांना मी त्यांच्या घरी जाऊन तपासते. सगळ्या पिंजऱ्यांना खटके बसवा. फक्त फट ठेवू नका, आणि स्वतः आत जाऊ नका."

मामी लेथ पुसायला आत पळाली. कपाट शिंपीणबाईंच्या हातगाडीवर चढलं. लेकीनं फळ्यावर निकाल लिहिला:

शेळी, बाहेरून: चार सेकंद.
शेळी, आतून: सहा सेकंद.
बाबा, आतून: सव्वीस मिनिटं, अपूर्ण.