येथे थांबू नये, पुढे जाऊ नये

सावधानरावांनी सकाळी मोजे घातले, काढले, पुन्हा घातले आणि पलंगाच्या कडेला तसेच बसून राहिले. दारात खात्याची जीप उभी होती.

"निघताय ना?" बायकोनं विचारलं.

"पाय थरथरतायत."

"ते जीपमध्ये बसूनही थरथरतील. मॅडम खोळंबल्यात."

सावधानराव हे त्यांचं कचेरीतलं नाव. डोंगर, तलाव आणि समुद्रकिनारा एवढा सगळा मुलूख ज्या खात्याकडे होता, त्या खात्यात ते पाट्यांचा मजकूर लिहीत. लोकांनी मोकळ्या हवेत यावं, चढावं, पोहावं, होड्या वल्हवाव्यात, पण जीव सांभाळून, म्हणून जागोजागी पाट्या होत्या. गेली सव्वीस वर्षं त्यांतली प्रत्येक पाटी तळमजल्यावर, खिडकीजवळच्या टेबलावर लिहिली गेली होती. सावधानरावांनी यांतली एकही जागा डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. समोर नकाशा पसरायचा, डोळे मिटायचे, आपण तिथं उभे आहोत असं समजायचं आणि घाम फुटला की लिहायला घ्यायचं, ही त्यांची पद्धत. घाम त्यांना लवकर फुटे.

महिन्यापूर्वी नव्या मॅडम संचालक म्हणून आल्या. त्या उंच सुळके चढलेल्या, खाड्या पोहून गेलेल्या बाई. फायली चाळताना त्यांच्या ध्यानात आलं, की पाट्या वाढत चालल्यात आणि माणसं कमी होत चाललीत. त्यांनी सावधानरावांना बोलावून घेतलं.

"आपण दोघं जाऊन बघून येऊ. लिहिलेला धोका जागेवर सापडला, तर पाटी राहील. नाही सापडला, तर खिंडीतल्या चौकीत एक जागा रिकामी आहे. निवृत्त होईपर्यंत तिथं राहा. खरा डोंगर कसा असतो ते तरी कळेल."

खिंडीतल्या चौकीचा नकाशा सावधानरावांना तोंडपाठ होता. तिच्याभोवती त्यांच्याच अकरा पाट्या होत्या.

"तिकडे बदली झाली तर मी येणार नाही," बायकोनं सांगून टाकलं होतं. "मी तुमच्या पाट्या वाचल्यात."

जीप आधी किनाऱ्यावर गेली. मॅडम खांद्यावर टॉवेल टाकून उतरल्या. सावधानराव एक पाय वाळूत आणि एक जीपच्या पायरीवर ठेवून उभे राहिले. पाटीवर लिहिलं होतं, 'लाट मागे जाते. का जाते, याचा विचार करा.'

मॅडम हसल्या. मग त्यांनी एक लाट मागे जाताना पाहिली. मग आणखी एक.

"का जाते?" त्यांनी विचारलं.

"यायला, मॅडम."

मॅडमनी टॉवेलची घडी घातली आणि तो पिशवीत ठेवला. "पाणी गार असेल आज," त्या म्हणाल्या.

तलावावर होड्या काठाला बांधलेल्या होत्या. तिथली पाटी छोटी होती. 'पाणी शांत आहे. तळ मोजलेला नाही.'

"का मोजला नाही?"

"मोजायला कोणी उतरलं नाही."

"का नाही उतरलं?"

"पाटी होती ना, मॅडम."

यावर मॅडम चिडायला हव्या होत्या. त्यांनी होडीत एक पाय टाकला, वाकून पाण्यात पाहिलं. पाण्यात काहीच दिसत नव्हतं, आणि तेच वाईट होतं. पाय काठावर परत आला.

"होडी जुनी दिसतेय."

"नव्यासारखी आहे," जीपमधून ड्रायव्हर म्हणाला. "मागच्या आठवड्यात रंगवून आणली मीच." पण ते कोणी ऐकलं नाही.

दुपारी जीप डोंगराच्या पायथ्याशी पोचली.

"गाडी वरपर्यंत जाते," ड्रायव्हर म्हणाला.

"पाटी वाचा," मॅडम म्हणाल्या. पाटी म्हणत होती, 'वाट एका वेळी एकाच व्यक्तीसाठी.' त्यामुळे ड्रायव्हर खाली राहिला आणि दोघं मागेपुढे चालू लागले. मॅडम पुढे, त्यांच्या पिशवीचा पट्टा धरून सावधानराव मागे. फाट्यावर 'सुरक्षित वाट' असा बाण होता, त्या अंगाला ते वळले. डोंगरावर ढग उतरला होता. पाच पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. पांढऱ्यातून एकेक पाटी तेवढी समोर येई.

'मोठ्याने बोलू नये. दगड सैल आहेत.' तिथून पुढे ते कुजबुजू लागले.

'डावीकडे पाहू नये.' मॅडमनी पाहिलं. ढग होता.

"किती खोल आहे?"

"मी नाही पाहिलं, मॅडम. पाहू नये म्हणून लिहिलंय."

'येथे थांबू नये.' दोघांनी पावलं उचलली. तोच समोर, 'यापुढे जाऊ नये.' मॅडम परत फिरल्या, तर मागच्या पाटीच्या पाठीवर उतरणाऱ्यांसाठी वेगळा मजकूर होता. 'उतरताना तोल जातो.'

मॅडम मटकन खाली बसल्या. त्यांनी पाटीचा खांब दोन्ही हातांनी धरला.

"मला आता हलता येणार नाही," त्या म्हणाल्या. त्यांचे दात वाजत होते. "शिवाय आपण दोन व्यक्ती आहोत."

सावधानरावही भ्यालेले होतेच. पण टेबलाशी डोळे मिटून ते या जागी अनेकदा उभे राहिले होते. तेव्हा वाट वीतभर असे आणि पायाखालचे दगड निसटत. इथं पायाखाली नुसती जमीन होती. त्यांनी टाच आपटून पाहिली. डावीकडे, जिथं दरी असायला हवी होती, तिथं हळूच पाय लांबवला. गवत लागलं. आणखी लांबवला. आणखी गवत.

आपण गप्प बसलो तर उद्या मॅडम प्रत्येक पाटीवर सही करतील, हे त्यांना कळत होतं. बोललो तर खिंड. पण मॅडमचे दात काही थांबेनात.

"मॅडम, ही पाटी खोटी आहे."

"हळू बोला. दगड आहेत."

"दगडही खोटे आहेत. मी खिडकीजवळ बसून लिहिलंय सगळं. तलावाचंसुद्धा. लाटेचं तेवढं खरं असावं."

मॅडमचा एक हात खांबावरून सुटला. मग पुन्हा घट्ट बसला.

"खाली तो बाण होता. सुरक्षित वाट."

"हो."

"त्या बाणानं आपण आलो."

"हो."

"तो कुठं बसून काढलात?"

सावधानरावही खाली बसले आणि खांबाची उरलेली बाजू त्यांनी धरली.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. ढगातून दोन दिवे आले. त्यांच्यामागे जीप होती.

"इथं बसलात होय," ड्रायव्हर म्हणाला. "मी पार चौकीपर्यंत जाऊन आलो."

"इथं गाडी येते?" मॅडमनी कुजबुजत विचारलं.

"ट्रक येतो, मॅडम. घसा बसला का तुमचा?"

"तुम्हाला पाट्या दिसल्या नाहीत?"

"पाट्या वाचत बसलो तर गाडी चालवू कधी?"

उतरताना मॅडमनी डोळे गच्च मिटून घेतले होते. सावधानरावांचे उघडे होते. एका वळणावर ढग बाजूला झाला आणि मागच्या काचेतून खिंड दिसली. चौकीचं लाल छप्पर, पुढचं गवत, खाली तलाव आणि त्याच्याही पलीकडे समुद्राची बारीक रेघ. वळण संपेपर्यंत ते मान वळवून बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्यांना बोलावलं. बदलीचा हुकूम टेबलावर होता, सही व्हायची होती.

"नियमाप्रमाणे तुम्हाला पाठवायला हवं."

"हो, मॅडम."

"पण चौकीत माणूस नेमला, की दर महिन्याला मला स्वतः तपासणीला जावं लागतं. जागा रिकामी असली की नाही लागत." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "राहू दे रिकामी."

सावधानरावांना हायसं वाटायला हवं होतं. ते दारापर्यंत गेले, तिथं घुटमळले आणि परत आले.

"मॅडम, माझी हरकत नाही. बदली झाली तरी चालेल."

मॅडमनी हुकूम फाडला. त्याचे आणखी दोन तुकडे केले.

"नको," त्या म्हणाल्या. "तिथं फार धोका आहे."