डॉक्टरांचं मनगट

"या गाडीचं दुखणं आज कायमचं जाणार! पुन्हा गळाली तर गॅरेजची पाटी उतरवून ठेवीन!" डॉक्टर छाती ठोकून म्हणाले, तेव्हा तो ट्रक त्याच दुखण्यासाठी चौथ्यांदा आला होता!

डॉक्टर म्हणजे औषधवाले नव्हेत हं. डिझेल गाड्यांचे मिस्त्री. इंजिनाला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि "हं... हं..." करत रोग सांगायचा, असा त्यांचा थाट. म्हणून लोक त्यांना डॉक्टर म्हणत. हे नाव त्यांना इतकं मानवलं होतं की घरात बायको खोकली तरी म्हणायचे, "पुन्हा एकदा खोक बघू!"

ट्रक होता बायकोच्या धाकट्या भावाचा. गिरणीतून पिठाची पोती उचलायची आणि बिस्किटांच्या कारखान्यात टाकायची, हे त्याचं रोजचं काम. आता इंजिनात डिझेल फवारणारा इंजेक्टर असतो, त्याच्या बुडाशी एक तांब्याचं वॉशर बसवतात. नाण्याएवढं असेल नसेल. आतला जळता वायू त्यानं अडवायचा. तर हे वॉशर दर आठ-दहा दिवसांनी दगा देत होतं! मग इंजिन फसफसायचं, सगळीकडे काळं डांबर, आणि केबिनमध्ये असा धूर की मेहुणा डोळे पुसत गाडी चालवायचा. रस्त्यावरच्या लोकांना वाटे, बिचाऱ्याच्या घरी कुणीतरी गेलंय!

"भावोजी, आता थट्टा नको," मेहुणा काकुळतीला आला होता. "मॅनेजरनं बजावलंय, आज पाचच्या आत माल पोचला नाही तर उद्यापासून दुसरी गाडी लावणार. या एका कामावर माझं घर चालतंय हो!"

"काळजी सोडा, मेहुणे! दोष कुठं आहे ते मला कळलंय."

"कुठं?"

"तुमच्या बसण्यात! तुम्ही उजवीकडे कलून बसता!"

मेहुण्यानं कपाळावर हात मारला. पहिल्या खेपेला दोष डिझेलचा होता, त्यानं अख्खी टाकी धुऊन काढली. दुसऱ्या खेपेला वॉशर बनवणारे चोर ठरले. तिसऱ्या खेपेला त्याचा पाय जड निघाला! तेव्हापासून तो उजव्या पायातली चप्पल काढून ट्रक चालवत होता. आता सरळ बसायचीही शिक्षा!

"बायको! एक वॉशर दे गं!" डॉक्टरांनी हाक मारली.

गॅरेजच्या पुढच्या खोलीत बायकोचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. ती वॉशर घेऊन आली, पण लगेच देईना. इंजिन उघडं करायला केबिन पुढे कलवून ठेवली होती; तिच्याखालून काढलेलं जुनं वॉशर तिनं उचललं, पुसलं आणि उजेडात धरलं.

"अहो, हे झिजून गेलेलं नाही. हे चेंगरून मेलंय!"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"कागद झालाय त्याचा! इंजेक्टरचा बोल्ट किती आवळता तुम्ही?"

डॉक्टरांनी शर्टाची बाही वर सारली. "हे मनगट सांगेल तेवढा!"

"आणि तो पाईप?"

जोर वाढवायला पान्याला लावायचा दोन हात लांबीचा लोखंडी पाईप भिंतीला टेकून उभा होता. "तो आपला सोबतीला," डॉक्टर म्हणाले.

"मागच्या वेळी गळालं तेव्हा काय केलंत?"

"जास्त आवळला! गळतंय म्हणजे सैल असणार, एवढी तरी अक्कल आहे मला!"

"आणि त्याच्या मागच्या वेळी?"

"तेव्हाही आधीपेक्षा जास्तच," डॉक्टर अभिमानानं म्हणाले, आणि मग त्यांनी बाही हळूच खाली ओढली.

बायको भावाकडे वळली. "अरे, घरी यांनी बंद केलेला नळ दोन माणसांशिवाय उघडत नाही. दर महिन्याला नळाचं वॉशर मी बदलते. बरणीचं झाकण लावलं की बरणी फोडावी लागते! तुझा पाय चांगला आहे. चप्पल घाल."

तिनं दुकानातून टॉर्क रेंच आणला. ठरलेल्या जोराला पोचला की कट् करून थांबा म्हणणारा पाना! तीन वर्षं काचेच्या कपाटात नुसता शोभेला होता. तिनं कंपनीच्या पुस्तकात आकडा पाहिला, इंजेक्टरची बैठक घासून लख्ख केली, नवं वॉशर, नवा बोल्ट घातला आणि आवळायला लागली. कट्! ती थांबली.

"एवढंच?" डॉक्टरांचा जीव तुटला. "अगं, हे तर लहान मुलाच्या हातचं!"

"हात खिशात घाला!"

मेहुण्यानं इंजिन सुरू केलं. फसफस नाही, वास नाही, धूर नाही! दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, इंजेक्टरच्या कडेला ओलावासुद्धा नाही. मेहुण्याला इतका आनंद झाला की त्यानं बहिणीच्या पायाला हात लावला. मग इंजिन बंद करून तो फोन करायला दुकानात धावला. बायको हात धुवायला गेली.

"केबिन मी खाली घेतो!" डॉक्टर म्हणाले. तेवढं काम त्यांना द्यायला कुणाची हरकत नव्हती.

आत मेहुणा फोनवर गर्जत होता, "साहेब, गाडी निघालीच समजा! पाचच्या आत फाटकात! आता तिला काही होत नाही, माझा शब्द आहे!"

तो बाहेर आला. केबिन अजून वरच होती. डॉक्टर ट्रकला पाठ लावून उभे होते आणि त्यांची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. बायको ओले हात पदराला पुसत आली आणि जागच्या जागी थबकली.

"अहो, हात लावलात?"

"छे! म्हणजे... एवढंसं. अर्धा आटा! मनाला पटत नव्हतं गं!"

"मूठ उघडा."

"कशाला उगाच..."

"भावोजी, मूठ उघडा!" मेहुणा ओरडला.

डॉक्टरांनी मूठ उघडली. तळहातावर बोल्टचं डोकं होतं. बाकीचा बोल्ट तुटून इंजिनातच अडकला होता.

मेहुणा मटकन पोत्यावर बसला. दुकानात फोन वाजायला लागला आणि तो उचलायला कुणीच गेलं नाही.

"पण एक आहे हं," डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले, "आता तो कधीच सैल होणार नाही!"